एका बॉक्समध्ये साठच!

आमच्या पॅकिंग खात्यातले टॉवेल रोज ट्रकात चढून निघून जातात, किस्से मात्र इथेच साचत राहतात! चिंचोळी एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. मी बॉक्सवर लेबलं लावतो. आणि आमच्या किश्श्यांचा हिरो माणूस नाही, आकडा आहे. साठ! एका बॉक्समध्ये साठ टॉवेल, हा चेकिंगच्या कमलमावशींचा कायदा. मावशींचं शिक्षण चौथी, दरारा कलेक्टरचा.

*

पुण्याहून नवे मॅनेजर आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "साठ काय? शंभर करा. राउंड फिगर!"

"शंभर टॉवेल तीन दुकानांत सारखं वाटून दावा की," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी मोबाइल काढला. तेहेतीस पॉइंट तेहेतीस!

"आन् त्यो पॉइंटातला टॉवेल फाडायचा कुनी?"

बॉक्स साठाचाच राहिला.

*

बार्शीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. चार मुलांची चार दुकानं, प्रत्येक बॉक्सचे चार वाटे. "आता जावईबी धंद्यात आलाय. पाच वाटे करायचे. बॉक्स बदलून देता का?"

मावशी फोनवर ओरडल्या, "काय गरज न्हाय! अजून एक जावई आला तरी चालतंय!"

*

आमचा हमाल व्यंकटेश घरात तेलुगू बोलतो आणि बाहेर पैजा लावतो. मावशींनी त्याला सुनावलं, "साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, समद्यांनी भाग जातोय. ह्याच्याहून बारका असला आकडा आन, जेवाण घालते!"

पठ्ठ्यानं पुठ्ठ्यावर एकोणसाठपासून उलटे आकडे लिहिले आणि आठवडाभर खोडत बसला. एकही उरला नाही. शेवटी भडकून म्हणाला, "सातानं तर साठालाबी भाग जात न्हाय!"

"सातव्या दिवशी सुट्टी असती, बाबा!"

*

शनिवारी आम्ही बारा जण साठ भजी मागवतो. एकदा अकराच हजर. पाच-पाच वाटली, पाच उरली, आणि त्या पाचांवरून रण पेटलं. मावशी थेट केबिनमध्ये शिरल्या. "साहेब, चला. आज तुमची लई गरज हाय."

साहेब घाबरून धावत आले. हातात पाच भजी पडली आणि खात्यात शांतता झाली!

*

मग साहेबांनी वजनाचं मशीन आणलं. बॉक्स ठेवला की मशीनच सांगणार, साठ आहेत की नाहीत. म्हणजे मावशींची चेकिंगची जागा बंद! मालक म्हणाले, "आधी परीक्षा घेऊ." त्यांनी गुपचूप दहापैकी एका बॉक्समध्ये एक टॉवेल जादा कोंबला.

टॉवेलांचं वजन थोडं कमी-जास्त असतंच, मशीननं दहाही बॉक्स पास केले.

मावशी सातव्या बॉक्सवर हात दाबून थांबल्या. टॉवेल काढून पाचाच्या ओळी लावल्या. एक उरला. "एकसष्ट हायती."

"ओळ चुकली असेल," साहेब म्हणाले.

चाराच्या लावल्या, एक उरला. सहाच्या लावल्या, एक उरला. काहीच उरणार नाही अशी ओळ शोधायला साहेब स्वतः खाली बसले. साताच्या, आठाच्या, नवाच्या... दरवेळी काहीतरी उरायचंच! मालक हसून म्हणाले, "मशीन परत पाठवा. मावशी इथंच राहतील." आम्ही टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. साहेबांचं लक्षच नव्हतं, ते तेराच्या ओळी लावत होते.

मावशी त्यांच्याजवळ वाकल्या. "साहेब, एकसष्टाची एकच ओळ लावा. बराबर बसंल."

आणि साहेबांनी खरंच लावली. पार गेटपर्यंत गेली!