दाक्षायणीचे फ्रेंच प्रश्न

लग्नकार्याला जायचं असलं की दाक्षायणी सकाळपासून पाणी पीत नसे. पाहुण्यांच्या घरी संडास कुठे आहे, किती उंचावर आहे, हे चारचौघांत विचारणार कसं? स्वतःच्या घरीही तो परसाच्या टोकाला होता, तीन पायऱ्यांवर. चौथ्या वर्षी पोलिओने दोन्ही पाय गेले, तेव्हापासून तिला तिथवर आधी आई नेई, मग वहिनी कमलम्मा. थोरले भाऊ विरुपाक्ष यांचं पेठेत भुसाराचं दुकान. त्यांच्यासमोर या गोष्टीचा शब्दही निघत नसे. बायकांचं बायकांत.

फ्रेंच ती योगायोगाने शिकली. मागच्या गल्लीत गिरणीतल्या एका इंजिनिअरची पत्नी राहत होती, मूळची पाँडिचेरीची. दाक्षायणी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, आणि बाईंना दुपारी बोलायला कुणी नाही. शिकवणी बरीच वर्षं चालली. ओट्यावर बसलेले भावाचे मित्र शरणप्पा विचारत, "काय दाक्षाबाई, सोलापुरात फ्रेंच कुणाशी बोलणार? चादरीशी?"

"चादर ऐकून तरी घेती की."

१९७६ साली बाई पाँडिचेरीला परतल्या आणि तिथल्या एका शाळेत त्यांनी तिच्यासाठी शब्द टाकला. वर्षभर शिक्षिकेचं प्रशिक्षण, राहायला वसतिगृह, पुढे नोकरी. शाळेच्या मुख्याध्यापिका मादाम रेनो गोलघुमट बघायला विजापूरला निघाल्या होत्या. वाटेत सोलापूरला उतरून त्या दाक्षायणीला भेटणार होत्या.

विरुपाक्ष यांनी आधीच बजावलं होतं, "तितं तुला एकटीला ऱ्हाता येतंय असं त्या शाळेच्या बाई म्हणल्या तर जा. न्हाईतर विषय संपला."

मादाम आल्या. घराच्या पुढच्या सोप्यात खुर्च्या मांडल्या होत्या. विरुपाक्ष बसले, शरणप्पाही बसले. दोघांनाही फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं. मादामनी वाचन घेतलं, चार प्रश्न विचारले, समाधानाने मान हलवली. मग दाक्षायणीने विचारायला सुरुवात केली.

"एस किल या दे मार्श?" म्हणजे, तिथे पायऱ्या आहेत का? खोली तळमजल्यावर मिळेल का? भिंतीला धरायला काही आहे का? आणि आवाज न बदलता ती संडासावर आली. उकिडवं बसायचा आहे की खुर्चीसारखा? दार आत उघडतं की बाहेर? खोलीपासून किती लांब?

समोर भाऊ होता. शरणप्पा बशीतून चहा पीत होते. मराठीत किंवा कन्नडात यातलं एक वाक्यही तिच्या तोंडून निघालं नसतं.

शाळेची वेळ सांगावी तशी मादामनी उत्तरं दिली. खोली तळमजल्यावर मिळेल. संडास खुर्चीसारखा आहे, खोलीला लागूनच. मात्र इमारतीच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत, तिथे चाकांची खुर्ची चढवायला फळी टाकता येईल.

"एवढा वेळ काय चाललंय?" विरुपाक्ष यांनी विचारलं.

'अभ्यासाचं' एवढं म्हणून तिचं भागलं असतं.

"संडासाचं विचारत हुते, अण्णा."

शरणप्पांनी बशी खाली ठेवली. "अगं, पाव्हणीला असलं..."

"तुमी गप बसा," विरुपाक्ष म्हणाले. मग बहिणीकडे न बघता, "हितं कधी बोलली न्हाईस."

"हितं कुणाला बोलू? तुमाला?"

विरुपाक्ष यांनी खुर्ची मादामकडे वळवली. विचारलं, "मग काय म्हणत्यात?"

दाक्षायणीने सगळं सांगितलं, संडासासकट. दाराशी पायऱ्या आहेत हेही लपवलं नाही. फळीचं नाव निघताच विरुपाक्ष सावरून बसले. दुकानात गाडीत पोती चढवायला रोज फळी लागे.

"आखूड फळीवरनं गडीसुदिक घसरतोय. पायऱ्या किती उंच हायत, विचार त्यास्नी."

तिने विचारलं. मादामनी जमिनीपासून हात वर धरून दाखवला. विरुपाक्ष उठले, त्यांच्या हाताशेजारी वाकून आपल्या वितेने उंची मोजली.

"सात हात फळी पायजे," ते म्हणाले. "सांग त्यास्नी. आन् तू जायच्या आदी टाकून ठेवा म्हणावं."