मुक्ताबाईच्या मोरीतल्या मुंग्या

मुक्ताबाईच्या घरातल्या मुंग्या मी घालवल्या. तिला दोन वर्षांत जे जमलं नव्हतं, ते मी दहा दिवसांत करून दाखवलं. पूर्वी हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगायची, तेही दोनदोनदा. आता कुणी मुंग्यांवर उपाय विचारला की मला माहीत नाही म्हणते.

कोपरखैरण्यात आम्ही शेजारी राहायचो, भिंतीला भिंत. मी शिक्षिका. मुक्ताबाई साताऱ्याकडची, तिचा नवरा जोतीराम तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. गुळाच्या ढेपा आणि साखरेची पोती वाहायचा. शिवाय गावाकडची चार माणसं तिच्याकडे जेवायला असायची, म्हणजे पहाटे साडेचारपासून भाकऱ्या. त्या घराचं सगळं जोतीरामच्या पायांवर चाललं होतं. पाय अधू झालेले हमाल तिने गावात परत गेलेले पाहिले होते. म्हणून कितीही दमली तरी रोज संध्याकाळी ती त्याच्या तळव्यांना खोबरेल चोळायची.

आणि एवढं सगळं उरकून उरलेला वेळ मुंग्यांना. भांड्यांत नव्हत्या फारशा. मोरीत असायच्या आणि जोतीरामच्या खाकी विजारीवर.

"ह्येंच्या अंगालाच गूळ लागल्याला अस्तोय बाई," ती मला म्हणायची. "इजार झाडली तर निम्मी ढेप पडंल. मुंग्या येतील न्हाई तर काय करतील?"

बरोबरच वाटायचं. गुळाच्या गाळ्यावरच्या माणसाच्या घरात मुंग्या नाहीत तर कुणाच्या घरात असणार? जेवायला येणारे चौघेही हेच म्हणायचे. त्यातले दोघे कांद्याबटाट्याच्या मार्केटात होते, ते उलट जोतीरामला चिडवायचे, की तू लई गोड माणूस झालास. तोही हसायचा.

तिने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. मोरीच्या कडेने हळदीची रेघ ओढली, ती पहिल्या तांब्याला वाहून गेली. काकडीच्या साली ठेवल्या, त्या कुजल्या. लवंगा टाकल्या, कापूर कुटून टाकला, फडक्याचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून भोकात कोंबला तर आठवडाभर जेवणाला रॉकेलचा वास. गावाहून येताना चुलीची राख पिशवी भरून आणली. मुंग्या दोन दिवस दुसऱ्या कोपऱ्यातून आल्या आणि परत जागेवर.

"दमले बगा," ती म्हणायची आणि मोरीच्या कट्ट्यावरच बसायची. तशी ती बसली की मला राग यायचा. तिचा नाही, मुंग्यांचा.

संडास बाहेर मागच्या बाजूला होता. पहाटेच्या अंधारात तिकडे कोण जातंय म्हणून जोतीराम मोरीतच लघवी उरकायचा. तेही हल्ली दोनतीनदा. आल्या आल्या तांब्याभर पाणी घटाघट प्यायचा, मग दुसरा तांब्या. विचारलं तर म्हणायचा, "घाम लई जातो बाई मार्केटात." हे सगळं मला माहीत होतं. आरोग्याचा धडा दरवर्षी वर्गात शिकवायची. पण धडा वर्गात आणि शेजारी घरी, दोन्ही एकत्र आणायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

माझ्या डोक्यात आली बोरिक पावडर. गल्लीतल्या मंडळाच्या कॅरमवर टाकायला पोरं आणायची ती. मी त्यातली मूठभर मागून घेतली, मुक्ताबाईकडच्याच गुळाचं पाणी केलं, पावडर कालवली आणि बाटल्यांच्या झाकणांत घालून मोरीत जागोजाग ठेवली. मुंग्या गोड समजून घेऊन जातात, वारुळात वाटतात आणि सगळ्याच मरतात. दहाव्या दिवशी मोरी स्वच्छ. मुक्ताबाई मला बोलावून घेऊन गेली, लादीवर हात फिरवून दाखवला.

"बसा बाई. आज मी बी बसते," ती म्हणाली. दोघी निवांत चहा प्यायलो. तिला असं बिनकामाचं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. जाताना तिने मला अख्खी गुळाची ढेप दिली.

पुढे सातआठ महिन्यांनी जोतीरामच्या उजव्या पायाच्या बोटात ट्रकच्या फाळक्याचा खिळा घुसला. अशा जखमा त्याला नव्या नव्हत्या. मुक्ताबाईने हळद भरली, चिंधी बांधली, तो कामाला गेला. पण जखम काही बुजेना. महिन्याने बोट काळं पडलं आणि शेजारचंही दुखेनासं झालं. दुखत नाही म्हणून तो खूश होता.

वाशीच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले, कारण मुक्ताबाईला फॉर्म भरता येत नव्हता. डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्ताचा कागद पाहिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "घरी लघवीच्या जागी मुंग्या लागतात का हो?"

"लागायच्या की," मुक्ताबाई म्हणाली. "लई लागायच्या, दोन वरसं." मग माझ्याकडे हात केला आणि कौतुकाने म्हणाली, "या बाईंनी घालवल्या. एक ऱ्हायली न्हाई."

डॉक्टरांनी रक्ताच्या कागदावर साखरेच्या आकड्याभोवती गोल केला आणि तो माझ्यापुढे सरकवला. मला त्या खुर्चीत बसवेना. साखर त्याच्या अंगाला लागलेली नव्हती, अंगातून जात होती. मुंग्या ते दोन वर्षं रोज सांगत होत्या आणि मी त्यांना विष घालून गप्प केलं.

दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला, पण ओझ्याचा राहिला नाही. आता जोतीराम मार्केटच्या एका गेटवर स्टूल टाकून बसतो, आणि मुक्ताबाई चौघांच्या जागी नऊ माणसांचं जेवण करते. मला ती कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा सकाळी तिच्याकडे गेले तर ती मोरीशी उकिडवी बसलेली, चष्मा लावून. जोतीराम नुकताच उठून गेला होता आणि तिने पाणी ओतलं नव्हतं. लादीवर मुंग्यांची बारीक रांग लागली होती. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "पावडर आहे माझ्याकडे थोडी."

"नगं बाई, असू द्या," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली. "सारखं रक्त तपासायला कुटं जायचं? ह्या दिसल्या की ह्येंनी गोळी घेतली का बगते. न्हाई दिसल्या, त्या दिवशी घडीभर बसते."

त्या दिवशी ती बसली नाही.