चौदा नंबरचा दगड

जूनचा पहिला सोमवार. धरणाच्या हद्दीचे दगड रंगवायचे होते. पावसाआधी हे काम दरवर्षी असतं. धरण पूर्ण भरलं की पाणी जिथवर चढतं, तिथे आमच्या खात्याने दगड रोवलेत. दगडाच्या आतली जमीन धरणाची. पांढरा रंग, त्यावर लाल नंबर, फोटो, रिपोर्ट. मी इथली शाखा अभियंता, म्हणजे दगड माझे.

चौदा नंबर सापडेना. मागच्या वर्षी इथे नुसता उतार होता. आता मुरमाचा रस्ता, दहा-बारा घरं, संडासाच्या टाक्या. या उतारावरचं सगळं पाणी धरणात उतरतं. अशा उतारालाच पाणलोट म्हणतात. तेच पाणी पुढे शहराच्या नळाला जातं.

दोन मजुरांना घेऊन एका नव्या घराच्या अंगणात शिरले. दगड तिथे होता. तुळशीशेजारी, हळदकुंकू लावलेला.

"सांभाळीसन, मॅडम!" घरातून साठीच्या एक अक्का आल्या. मुलगा नरडाण्याला कारखान्यात. "हाऊ सरकारना दगड शे."

"कोणी सांगितलं?"

"प्लॉटवाला भाऊनी. नंबर शे तं प्लॉट मंजूर शे. दगडवाला प्लॉट महाग व्हता, तरी लिधा. गावनं वावर इकीसन लिधा."

मला मागचा जून आठवला. आम्ही रंग देत असताना एका गाडीवाल्याने माझ्या मजुरांना चहा पाजला होता. "मॅडम, नंबर जरा ठळक काढा," असंही म्हणाला होता. तोच हा प्लॉटवाला असणार.

"अक्का, हा मंजुरीचा दगड नाही. इथवर पाणी येतं. तुमचं घर दगडाच्या आत आहे."

त्या हसल्या. खाली बोट दाखवलं. "पाणी तठे शे. आठे कसं येई?"

गेली काही वर्षं धरण भरलंच नव्हतं. नुसत्या डोळ्यांना त्यांचंच खरं दिसत होतं.

अक्कांकडून प्लॉटवाल्याचा फोन नंबर घेतला. बंद. मी साहेबांना लावला.

"पंचनामा करा, नोटीस चिकटवा."

"आणि प्लॉटवाला?"

"ते महसूलवाले बघतील. आपलं काम दगडापुरतं."

"मग दगडावरच लिहू का, इथे पाणी येतं म्हणून?"

"मॅडम, दगडावर नंबर लिहायचा. निबंध नाही."

संध्याकाळी नोटीस दारावर लागली. अक्का म्हणाल्या, वाचून दाखवा. दाखवली. घर स्वतःहून काढून घ्या, नाहीतर खातं पाडेल.

"आते मी कोठे जाऊ?"

मजूर ब्रश धूत राहिले. मी गाडीत बसले.

नंबराचा अर्थ आम्हाला कळतो, विकणाऱ्यालाही कळतो. घेणाऱ्याला कळावा अशी आमच्याकडे सोयच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाल रंगाचा नवा डबा घेऊन गेले. हळदकुंकवावर रंग बसत नव्हता. अक्कांनीच ओलं फडकं आणून दगड पुसला. नंबराखाली मी लिहिलं : धरण भरल्यावर पाणी इथे येते. घर बांधू नये.

"काय लिखं?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं फडकं पिळलं.

"हाई पहिलेच लिखेल राहतं तं?"

मी डबा उचलला आणि पंधरा नंबरकडे गेले.