चौघांचा टब

पाणी हनुवटीला लागलं होतं आणि मागून माझा कासोटा ओढला जात होता. टबात बसायच्या जागेच्या मागे, खालच्या बाजूला, पाणी आत खेचायची जाळी असते. तिचं झाकण सैल होतं. लुगड्याचा मागचा भाग त्यात शिरला आणि मोटर तो गिळत राहिली. उठायला गेले की खाली बसवली जात होते. मोटर बंद करायचं बटण समोरच्या काठावर होतं. तिथे हात पोचत नव्हता.

मी हाका मारल्या. आधी सुनेला, मग मुलाला. दोघंही घरात नाहीत हे मला माहीत होतं, तरी मारल्या. पुतण्याचं लग्न होतं, घरचे सगळे आणि अर्धं गाव तिकडे गेलं होतं. गुडघ्यांमुळे मी मागे राहिले होते. मग घरामागच्या गोडाऊनच्या वॉचमनला हाक मारली. "कोन हाय का रं तिथं? अरे, कोई है क्या?" भिंतीपलीकडे कुठलातरी ट्रक मागे घेत होते, त्याचा टीं टीं आवाज चालला होता. कोणी आलं नाही. ऐकू गेलं असतं तरी मी दिसले नसते. टब गच्चीवर, एका बाजूला पाण्याची टाकी आणि उरलेल्या तीन बाजूंना पत्रे. ते पत्रे मीच ठोकायला लावले होते.

टब माझ्या गुडघ्यांसाठी आणलेला. पूर्वी मी आणि माझी थोरली जाऊ एसटीने गणेशपुरीला जायचो, गरम पाण्याच्या कुंडावर. लुगडं नेसूनच पाण्यात उतरायचं, तिथे सगळ्या बायका तशाच उतरतात. ती माझी पाठ चोळायची, मी तिची. बाहेर आलं की एकीने दुसरं लुगडं पसरून आडोसा धरायचा आणि दुसरीने आत कोरडं नेसायचं. आडोसा धरून ती मला म्हणायची, "लवकर आटप गो, हात दुखतात. तुला बघायला कोन बसलाय इथं?" गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतर मी कुंडावर गेले नाही.

आमचं घर पूर्णा गावाजवळ. जिथे आम्ही भात लावायचो तिथे गोडाऊन उभी आहेत. जमीन गेल्यावर सगळ्यांनी बंगले बांधले आणि बंगल्यांना गेट लावली. आधी मी शेजारणीला चुलीपासून हाक मारायचे. आता गेटवरची बेल दाबावी लागते, आणि आतून विचारतात, कोण आहे.

मुलाने कुठल्यातरी फार्महाऊसवर गरम पाण्याचा टब बघितला आणि म्हणाला, "आये, तुला कुंडच घरी आनतो." मला घेऊन ठाण्याच्या दुकानात गेला. तिथल्या माणसाने मला चपला काढायला लावून सुक्या टबात बसवलं. बाकीची गिऱ्हाइकं बघत होती.

"माताजी, ये चार लोगों का है. पूरी फॅमिली आराम से बैठेगी."

"एकाचा हाय का?" मी विचारलं.

तो हसला. "एक के लिए कौन लेता है, माताजी?"

"चार जन आनू कुठून?" मी म्हटलं.

"आये, गप बस ना," मुलगा म्हणाला. चौघांचाच घेतला.

मग तो ठेवायचा कुठे यावर घरात वाद झाला. गच्चीवर लाकडी फळ्यांचा चौथरा करायचा होता, मुलगा त्याला डेक म्हणतो. इंजिनियरने बीम बघितले आणि सांगितलं, पुढे ठेवा नाहीतर मागे, वजन दोन्हीकडे पेलेल.

"पुढं ठेवू या, आई," सून म्हणाली. "डोंगर दिसतो, वारा येतो."

"तुला डोंगर दिसतो, नि ट्रकवाल्यांना मी दिसते. मागं ठेवा."

"मागं गोडाऊनची भिंत हाय," मुलगा म्हणाला. "काय बघशील तिथं?"

"मी बघायला न्हाय, शेकायला बसनार हाय."

टब मागे गेला. पत्रे लागले.

बसवायला आलेला माणूस जाताना मुलाला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होता आणि जाळीकडे बोट दाखवत होता. मुलाने मान डोलावली, माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सून कपड्यांच्या घड्या घालत माझ्याजवळ बसली. एकाच टॉवेलची दोनदा घडी घातली.

"आई, टबात बसताना अंगाला घट्ट असं काही घातलं तर बरं."

"माझं लुगडं काय सैल हाय?"

"न्हाय, तसं न्हाय," म्हणाली आणि उठून गेली.

दोघांना सांगायचं होतं की लुगडं सोडून पाण्यात उतर. आमच्या घरात असं म्हातारीला कोणी सांगू शकत नाही. तोपर्यंत मी टबात दोनदा-तीनदा बसले होते, पण पाणी नुसतं गरम करून. मोटरचं, पाणी जोरात फिरवायचं बटण मी त्या लग्नाच्या दुपारी पहिल्यांदा दाबलं.

जाळीने धरल्यावर मी पहिली ओढाताण केली ती लुगडं सोडवायला. जीव जातोय हे नंतर सुचलं. पाणी गरम, डोकं गरगरायला लागलं होतं. इथे मेले तर लग्न लावून येतील आणि मग बघतील, एवढंच मनात आलं. रडू आलं नाही. राग आला, कोणावर ते कळलं नाही.

मग कमरेची गाठ सोडायला घेतली. जन्मभर बांधलेली गाठ, पण मी पुढे ओढत होते म्हणून ती आवळली होती. बोटं सुजलेली, नखं लागेनात. गाठ ढिली व्हायची तर मला मागे जायला हवं होतं, जाळीच्या दिशेने. मागे गेले तर तोंड पाण्याखाली जाणार. श्वास घेतला आणि गेले. नाकातोंडात पाणी गेलं. अंगठा गाठीत घुसवला, फिरवला. पहिल्यांदा सुटली नाही. वर येता येईना. परत फिरवला, तेव्हा सुटली.

लुगडं जाळीने घेतलं. मी काठावरून फळ्यांवर पडले आणि तशीच पडून राहिले. चोळी सोडली तर अंगावर काही नव्हतं. भर दुपार होती. पत्र्यांमुळे मला कोणी बघितलं नाही. जाऊ असती तर आडोसा धरून बडबडली असती. जिना मी बसत बसत उतरले, कोरडं नेसले आणि चहा केला.

सगळे आले तेव्हा मोटर अजून घरघरत होती. मुलगा वर गेला आणि तसाच खाली आला.

"आये, टबात काय अडकलंय ते?"

"माझं लुगडं."

"मग तू... तू आत होतीस?"

"लुगडं काय एकटं गेलं व्हतं?"

तो खुर्चीत बसला. "त्या मानसानं मला सांगितलं व्हतं, आये. मी तुला सांगनारच..." लुगड्याचं नाव त्याने तेव्हाही काढलं नाही. सून दारात उभी राहून लग्नातल्या साडीचा पदर पिळत होती. मी दोघांना चहा दिला.

जाळी नवीन बसवली. एक पत्रा मी काढायला लावला. आता टबातून भिंत दिसते आणि वॉचमनची खुर्ची. मी अजून त्यात बसते. काय नेसून बसते ते विचारायचं कोणाला धाडस नाही, आणि मी सांगत नाही. उरलेल्या तीन जागांवर कोणी बसत नाही.

त्या दुपारी पाण्यात मी एकटी होते. बाहेर आले तीही मीच.