मायच्या गुडघ्याचे तीन अलार्म

मायचा गुडघा झिजला होता आणि डोकं माझं उठलं होतं. चंद्रपूरच्या व्यायामवाल्या डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं होतं, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, दिवसातून तीनदा. मांडीत ताकद आली नाही तर यंदा धानाच्या रोवण्याला, म्हणजे रोपं लावायला, चिखलात उतरायचं विसरा. मायला तर रोवण्याला उतरायचंच होतं. आरमोरीकडे आमच्या गावात तुम्ही दुसरीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, राबलात तरच ती तुमच्या बांधीत येते. धुऱ्यावर, शेताच्या कडेला, नुसतं बसून राहायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं.

पण व्यायामाच्या नावाने बोंब! मी घुग्घुसला शाळेत शिकवत होते. रविवारी शेजारच्या घरी फोन करून विचारलं की म्हणायची, करतो. कसलं काय! शेवटी वैतागून मी तिला मोबाइल घेऊन दिला आणि त्यात रोजचे तीन अलार्म लावून टाकले. म्हटलं, सुटले एकदाची.

आणि खरंच, दोन महिन्यांत माय काठीशिवाय तळ्यापर्यंत जायला लागली. मी शाळेत सगळ्यांना अलार्मचं कौतुक सांगत सुटले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले. दुपारी एकला अलार्म वाजला. मायने मोबाइल कानाला लावला, "हो पोरी, बसतो आता," म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तू त इथी उभी हायस. मंग हा फोन कोण करून राह्यला?"

मी कपाळावर हात मारला. अलार्म म्हणजे माझाच फोन, आणि मी काही बोलत नाही म्हणजे माझ्यासमोर वर्गात पोरं असतील, असं ती समजून चालली होती. मशीन आहे ते, मी एकदाच लावून ठेवलंय, हे तिला अर्धा तास समजावलं. तिने मोबाइल फळीवर ठेवला. त्या दिवशी पाय उचलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रोवणा महिन्यावर आलेला, मी चिडून खूप बोलले.

"घड्याळाचं मी काऊन आयकू? मले वाटे, तू तिनदा माही याद करते."

मला आठवण ठेवावी लागू नये, म्हणूनच तर मी ते अलार्म लावले होते.

शाळा उघडली. सकाळ-संध्याकाळचा फोन घरून, पण रोज दुपारी एकला वर्ग सोडून मी व्हरांड्यात उभी, फोनवर एक ते दहा मोजत. बाकीचे शिक्षक हसायचे. आणि पलीकडून माय म्हणायची, "हळू मोज ना, घाई काऊन करते?"