बजेटच्या बातमीचा पहिला भाग

आमच्या गावात बजेटची बातमी अर्धीच ऐकायची पद्धत होती. गाव लहान, अमडापूरपासून चालत जाण्यासारखं. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील आणि चीनची लढाई नुकतीच संपली होती. ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला होता, त्याचा कर्णा पारावरच्या लिंबाला बांधलेला असे. एरवी त्यावर भजनं नि शेतीची माहिती ऐकायला चार म्हातारे बसत. फेब्रुवारीच्या शेवटच्या संध्याकाळी मात्र सगळे गडी पारावर नि बाया ओसरीच्या कडेला जमायच्या. दिल्लीत काय काय महाग झालं ते ऐकायला.

बातमीची सुरुवात मोठमोठ्या आकड्यांनी व्हायची. देशाला तूट किती, लष्कराला किती, कुठल्या खात्यात काटकसर किती. तेवढा वेळ गावाच्या गप्पा चालायच्या. मग "नवे कर" असं काही कानावर आलं की कुणीतरी ओरडायचं, "चूप बसा बे, आता आलं!" रॉकेल, तंबाखू, साखर, काडेपेटी, एवढं ऐकून झालं की रेडिओ बंद. पहिल्या भागात आपल्यासाठी काही नसतं, हे सगळ्या गावाने धरूनच ठेवलं होतं.

मीही तशीच ऐकत असे. खरं तर निदान मी तरी पहिला भाग ऐकायला हवा होता.

मी गावच्या बालवाडीची बाई होते. बालवाडी गावात असली तरी तिचा पैसा दिल्लीहून यायचा, आणि माझी जागा हंगामी होती. दर वर्षी फेब्रुवारी संपायच्या सुमारास पुढच्या वर्षाची मंजुरी यायची आणि मुख्य सेविकाबाई बसने येऊन मला तसं सांगून जायच्या. मुख्य सेविका म्हणजे अशा बऱ्याच गावांतल्या बालवाड्या पाहणारी बाई. त्या चहा घ्यायच्या, पोरांची नखं बघायच्या आणि परत जायच्या.

ही नोकरी म्हणजे माझ्या डोक्यावरचं छप्पर होतं. माझं लग्न दुसरबीडला झालं होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली, तेव्हा मी ट्रंक उचलली नि भावाकडे आले. दादाचा मळा होता, वांगी-मिरची-कोथिंबीर निघायची, आणि घराच्या पुढच्या खोलीत किराण्याचं दुकान होतं. दादा वाईट माणूस नव्हता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्याला शिव्या घालेल आणि मला ते आवडणार नाही. आल्यावर वर्षभर मी मळ्यात राबले, तरी वहिनीच्या भांड्यांचा आवाज दर महिन्याला थोडा वाढत गेला. माझी सातवी झालेली होती, म्हणून बालवाडीची जागा मिळाली, आणि भांडी शांत झाली. पगार आणून मी वहिनीच्या हातात द्यायचे. "घ्या न बाई, भाकर घ्या अजून," असं ती त्यानंतर म्हणायला लागली. बालवाडी असेपर्यंत माहेर, एवढं मला कळत होतं. कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

बालवाडीची खोली मारुतीच्या देवळामागे होती. सकाळी पोरं यायची, शेंबूड पुसून घ्यायची, गाणी म्हणायची. मग मी दुधाची भुकटी कालवून चुलीवर पातेलं चढवायचे. दूध दिसलं की पोरं अंगावर यायची, म्हणून माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "ओळीनं बसा, त्याशिवाय दूध नाही." दिवसातून इतक्यांदा मी ते म्हणायचे की वहिनी माझी नक्कल करायची. घरात ताटं मांडताना म्हणायची, "ओळीनं बसा बरं सगळे!" तेव्हा आम्ही हसायचो.

त्या वर्षी बजेटच्या आधी दादा मलकापूरला जाऊन आला. सगळे दुकानदार तेच करायचे. आधी माल भरायचा, गिऱ्हाइकाला "संपला" म्हणायचं, आणि भाव चढला की बाहेर काढायचा. लढाईचा खर्च झालाय, यंदा सरकार सोडत नाही, असं जो तो बोलत होता. रॉकेलचे डबे दादाने घरी दडवले. काडेपेट्यांची खोकी ठेवायला जागा उरली नाही, तर माझ्या बालवाडीच्या माळ्यावर टाकली. "तुह्या शाळेत कोन पाह्यते?" तो म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. त्याच्या घरात राहत होते.

बजेटच्या संध्याकाळी पार भरला. शेजारच्या आबांनी वर्षभराची तंबाखू आधीच घेऊन ठेवली होती. त्यावरून त्यांची थट्टा चालली होती.

"आबा, एवढी कवा सरन?"

"नाही सरली तं संगं नेईन. वरतं बी टॅक्स असन, काय सांगता येते!"

मलाही सोडलं नाही. "बाई, तुमचं सरकार आज आमच्या खिशात हात घालून राह्यलं पाहा!" गावात सरकारी पगार खाणारी मी एकटीच, त्यामुळे सरकार माझं. मीही म्हटलं, "घालू द्या, काही सापडलं तर मलाबी सांगा." लोक हसले. मला त्या संध्याकाळी बरं वाटत होतं, हे आठवतं.

बातम्या सुरू झाल्या तेव्हा दादा दोन-चार जणांना बजेट समजावून सांगत होता. त्याची समज चांगली होती. "सोपं हाय. घरात आवक कमी नं खर्च जास्त झाला, तं दोनच रस्ते. लोकाइपासून जास्त घ्या, नाहीतं लोकाइले जे देऊन राह्यले ते बंद करा." हे तो ज्या वेळात बोलत होता त्याच वेळात कर्ण्यातून काटकसरीचं वाचून होत होतं. मी दादाचं ऐकत होते. मग "चूप बसा" झालं.

रॉकेल महाग झालं. दादाने मांडीवर थाप मारली. तंबाखू महाग झाली, आबांनी सगळ्यांकडे बघितलं. काडेपेटीचं नावच आलं नाही. दादाचं तोंड उतरलं, खोकी अंगावर पडली असं त्याला वाटलं. पण सगळ्या दुकानदारांनी त्याच्यासारखंच केलं होतं. बाजारात कुणाकडेच माल नव्हता, आणि जो तो दुसऱ्याची वाट बघत बसला. कर न लागताच काडेपेटी गावोगावची नाहीशी झाली. बाया शेजारणीकडून निखारा आणायला लागल्या. दादा थोड्या थोड्या काढून हवा तो भाव घेऊ लागला.

मुख्य सेविकाबाई त्यानंतर आल्या. चूल पेटलेली होती, पातेलं वर होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या, पोरांची नखं बघितली नाहीत.

"मंजुरी आली नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या सगळ्याच बालवाड्या बंद. वरून काटकसर आलीय. तुमच्या कामात काही खोट नाही हं, तसं मनात आणू नका. रेडिओवर सांगितलं होतं ना."

"हो, ऐकलं," मी म्हटलं.

मला काय वाटलं असं नंतर पुष्कळांनी विचारलं. काही वाटलं नाही. दूध वर येत होतं, म्हणून मी आत गेले आणि पातेलं उतरवलं. पोरांना ओळीनं बसवलं, दूध दिलं, पेले घासले, पालथे घातले. बाई निघताना म्हणाल्या की त्यांचीही जागा गेली. मी त्यांना चहा विचारायचं विसरले.

घरी सांगितलं तेव्हा दादा साखर तोलत होता. "अस्सं," म्हणाला आणि तोलत राहिला. किल्ली मी सरपंचांना दिली. खोली आता रिकामीच, आणि दादाचा माल तिथे होताच, म्हणून त्यांनी ती दादालाच वापरायला दिली. दादाला आनंद झाला, तो त्याने माझ्यासमोर दाखवला नाही. एवढी माया त्याच्यात होती.

जा असं मला कुणीच म्हटलं नाही. आधी "घ्या न बाई अजून" थांबलं. मग भांडी वाजू लागली. मग एका सकाळी वहिनी चुलीकडे बघत म्हणाली, "दुसरबीडले जायाले चिखलीत गाडी बदला लागते न?" आणि संध्याकाळी दादा म्हणाला, "दुसरबीडहून त्याइचा निरोप व्हता. त्याची पोरगी तीन वर्साची झाली. बायकोले आता पुन्हा दिवस हायत. घरात मानूस लागते म्हनते."

"काऊन आधी नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तवा तुही नौकरी होती न."

मी बरं म्हटलं. रडायला हवं होतं, भांडायला हवं होतं, निदान मळ्यात झोपडी तरी मागायला हवी होती. आज हे सगळं सुचतं. तेव्हा अंग बधिर होतं. त्यात दुःखही धड शिरत नव्हतं.

पाठवणी त्यांनी रीतसर केली. काडेपेट्यांत दादाला चांगलं सुटलं होतं, त्याने मला हिरवं लुगडं आणलं. वहिनीने ओटी भरली आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. दादा अमडापूरला बसपर्यंत आला. ट्रंक वर चढवून झाल्यावर त्याने खिडकीतून काडेपेट्यांचा एक अख्खा पुडा दिला. "ठेव. तिकडं भेटत नसतीन."

दुसरबीडला पोचले तेव्हा नवरा शेतात होता. सवत दारात आली. पोट वर आलेलं, कडेवर पोरगी. ती मला बघत राहिली, मी तिला. आत या म्हणावं की नाही, तिला ठरवता येत नव्हतं. मी ओट्यावर बसून ट्रंक उघडली, हातपाय पुसायला फडकं काढावं म्हणून. वरच पुडा होता.

"आगपेट्या हायत का?" ती म्हणाली. "बरं झालं आल्या तुम्ही. सकाळधरनं चूल बंद हाय. कुठंच भेटंना गावात."

माझं त्या घरात स्वागत झालं ते असं. तिने मला घरात घेतलं, पाणी दिलं, चुलीपुढचा पाट सरकवला. मी काडी ओढली. भांड्यात थोडं शेळीचं दूध होतं, ते वर ठेवलं. दूध तापायला लागलं तशी पोरगी आईच्या कडेवरून उतरली आणि अंगाशी आली.

"ओळीनं बसा, त्याशिवाय दूध नाही," मी म्हटलं.

पोरगी एकटीच होती. तिने मागे वळून बघितलं आणि मग खाली बसली.