रसातलं काळं मीठ
मोसंबी सोलताना सालीचा तुषार नाकात गेला की पुंडलिकनगरातल्या सासरची ती रविवारची न्याहारी आठवते आणि माझं डोकं तापतं. माझं नवीनच लग्न झालं होतं. थोरल्या जाऊबाईंनी मैत्रिणींना बोलावलं होतं आणि त्यांना अर्धा ग्लास मोसंबीचा रस, त्यावर फसफसणारी थंडगार वाईन असं काहीतरी पाजायचं होतं. रस काढायला अर्थातच मी. मोसंबीही माझ्या वडिलांच्या बागेतली, देवगाव रंगारीहून आलेली. आमच्याकडं रसात काळं मीठ पडतंच, तसं मी घातलं. जाऊबाईंनी वर वाईन ओतली मात्र, मिठानं फेस उसळून टेबलभर वाहिला. मैत्रिणी हसायला लागल्या. जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "गावाकडं ढोरांना मीठ चारतात ना, तीच सवय हिला." मी उरलेल्या मोसंबीची पिशवी उचलली. "ताई, ही बी त्याच गावची हायत. तुमाला नाय पचायची," एवढं बोलून पिशवीसकट खोलीत गेले. बाहेर सगळ्या नुसतीच वाईन प्यायल्या. अजूनही तोडणी सुरू झाली की वडील फोनवर विचारतात, "तुझ्या जावंला एक पोतं धाडू का?" मी म्हणते, "नका धाडू, दादा. ढोरांना घाला."